अंतर कोणाच्या सोयीचे?

मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी मागे टाकून शहापूरच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक सुरू होतात. बंगलो प्लॉट, एनए प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम. गुंठ्याचा भाव मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याच्या वर अंतर लिहिलेले असते: ठाण्यापासून इतकी मिनिटे, समृद्धी महामार्गापासून इतकी, आसनगाव स्टेशनपासून इतकी. ही मिनिटे नेहमी शहराकडून मोजलेली असतात. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून सोनोग्राफीसाठी निघालेल्या बाईला किती वेळ लागतो, किन्हवलीची मुलगी कल्याणच्या कॉलेजातून घरी पोहोचते तेव्हा किती वाजलेले असतात, याचा फलक कोणी लावत नाही. सरकारी आराखड्यांतही हा हिशेब क्वचितच सापडतो.

मोठ्या शहराजवळच्या लहान गावांबद्दल आपल्याकडे जे ठरवले जाते, त्याच्या मुळाशी ही एकतर्फी मोजणी आहे. शहराला गाव जवळ आले की गावाचा विकास झाला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पाणी, जमीन आणि माणसांचे श्रम शहराकडे जाण्याची वाट रुंद होत जाते, आणि शहरातल्या सोयी गावाकडे येण्याची वाट तशीच अरुंद राहते. शहापूर तालुका हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे, कारण मुंबईचे जगणेच या तालुक्यावर उभे आहे.

क्षेत्रफळाने शहापूर हा ठाणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, डोक्यावर माहुलीचे सुळके, मधून वाहणाऱ्या भातसा आणि तानसा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी असल्याने संपूर्ण तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. शहापूर गाव बाजारपेठेचे. तहसील कचेरी, एसटीचे आगार, उपजिल्हा रुग्णालय, नगरपंचायत हे सगळे तिथे. स्टेशन मात्र दोन-तीन किलोमीटरवर आसनगावला. तिथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८५ किलोमीटर.

रेल्वे इथे फार लवकर आली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली. १८५५ मध्ये रूळ वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्यापर्यंत पोहोचले. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या दोन वर्षे आधी वासिंदला रेल्वे होती! पण रूळ टाकले गेले ते थळ घाट ओलांडून देशावर आणि पुढे उत्तरेकडे जाण्यासाठी. वाटेत लागणारी गावे हा त्या योजनेचा हेतू नव्हता, आणि तो जुना हेतू आजच्या वेळापत्रकातही दिसतो. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल त्याच दोन मार्गिकांवरून धावतात. लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल बाजूला थांबते. तिसरी मार्गिका मंजूर होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. आसनगाव ते कसारा टप्प्यातले भूसंपादन आणि बांधकाम संथ चालले आहे.

या रुळांवर जगणाऱ्या माणसाचा दिवस जवळून पाहिला पाहिजे. पहाटे चार-साडेचारला आसनगावच्या फलाटावर गर्दी असते. डबा, पाण्याची बाटली, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे. मुंबई गाठायला दोन तासांच्या आसपास, स्टेशन गाठायला वेगळा अर्धा-पाऊण तास. गाडी चुकली तर पुढची लगेच नसते. दादर-ठाण्यात दर तीन-चार मिनिटांनी येणाऱ्या लोकलचा अनुभव या टोकाला लागू पडत नाही. त्याच गाडीत सामानाच्या डब्यात भेंडीची पोती चढतात, मोगऱ्याच्या कळ्यांच्या टोपल्या दादरच्या फूलबाजाराकडे निघतात, मे महिन्यात करवंदे आणि जांभळे असतात. संध्याकाळी परतीची गाडी उशिरा आली की आसनगावला उतरलेला माणूस धावत शेअर रिक्षा पकडतो, शहापूरच्या आगारात पोहोचतो आणि मुक्कामी एसटी निघून गेलेली असते. मग कोणाच्या तरी दुचाकीची वाट पाहणे आले. रेल्वेची वेळ आणि एसटीची वेळ जुळवणे हे कागदावर एका बैठकीचे काम आहे. ते होत नाही, कारण दोन्ही वेळापत्रके करणाऱ्यांच्या नजरेसमोर हा प्रवासी नसतो.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा या जवळीकीचे खरे रूप उघडे पडले. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ ची वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही ठरावीक वेळांतच मुभा होती. लालबागच्या दुकानात काम करणारा लालबागजवळ राहत असेल तर त्याला चालत जाता येत होते. आसनगाव-खर्डीहून रोज जाणाऱ्याची नोकरी त्या एका निर्णयाने गेली किंवा टिकली. मुंबई जवळ आहे, हे सारे रुळांच्या भरवशावर होते आणि त्या रुळांवर त्याचा कोणताही हक्क नव्हता.

रोजच्या पासधारकापेक्षाही जास्त शहराच्या गरजेने बांधलेला आणखी एक प्रवासी या तालुक्यात आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की पाड्यांवरची कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातल्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी घेतलेली उचल फेडायची असते. मुलेबाळे सोबत, शाळा अर्ध्यावर सुटलेली. पाऊस सुरू व्हायच्या बेताला परत. ज्या इमारतींमुळे कल्याण-डोंबिवलीचा पसारा वाढला, त्यांच्या विटांमागे या स्थलांतराचा घाम आहे. शहर जवळ असल्यामुळे रोजगार मिळतो, हे या कुटुंबांच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. मात्र अनेक कुटुंबांत आजोबा, बाप आणि मुलगा तिघेही भट्टीवरच गेले, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी बाजू मांडली नाही तर हा विचार लंगडा होईल. शहराच्या जवळ असल्याने गावातल्या दुबळ्यांचा मोठा फायदा झाला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली होती. त्या टीकेमागे अनुभव होता. ज्याला गावात पाणवठा बंद होता, त्याला शहरात गिरणी, बंदर, रेल्वेचे कारखाने खुले होते. आजही लोकलच्या डब्यात कोणी जात विचारून जागा देत नाही. गावात पाटलाच्या शेतावर राबण्याखेरीज दुसरा मार्ग नसलेल्या घरातली मुलगी कल्याणला नर्सिंग शिकते, ठाण्यात नोकरी करते आणि तिच्या पगारावर घराचा शब्द चालतो. शहापूरच्या भेंडीला, काकडीला, दुधाला कल्याण आणि वाशीचा बाजार आहे. मराठवाड्यातल्या आडवळणी तालुक्याला तो नाही. म्हणून शहापूरने मुंबईकडे पाठ फिरवावी आणि जुने खेडे जपावे, अशी मागणी कोणीही विचारी माणूस करणार नाही. खेड्याचे रम्य चित्र रंगवणारे बहुतेक जण शहरातच राहतात.

तेव्हा जवळीक हवीच. प्रश्न आहे तो देवाणघेवाणीच्या अटींचा, आणि या अटी सर्वांत स्पष्ट दिसतात त्या पाण्यात.

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांची एकूण उपयुक्त क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. विहार आणि तुळशी मुंबईच्या हद्दीत आहेत आणि त्यांचा वाटा किरकोळ आहे. ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडे. उरलेली चार धरणे म्हणजे तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि भातसा शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेला लागून आहेत, आणि एकूण साठ्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्यांच्यात मावतो. एकट्या भातसाची क्षमता ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मी. तानसाचे बांधकाम १८९२ साली पूर्ण झाले. मोडक सागर १९५० च्या दशकातला, महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा. मध्य वैतरणा २०१४ चा. सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबई वाढत गेली आणि तिची तहान टप्प्याटप्प्याने याच डोंगरांत शिरत राहिली.

याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर धावतात. फेब्रुवारी-मार्चपासून टंचाई आराखड्यात गावे आणि पाडे चढू लागतात. टँकर पाड्यावर येतो तेव्हा पाणी घरोघर वाटले जात नाही. ते गावच्या विहिरीत ओतले जाते. बायका आधीच कठड्याभोवती उभ्या असतात, दोरांना बांधलेल्या बालद्या हातात. पाणी पडताच बालद्या एकमेकींवर आपटत खाली जातात. तळातला गाळ ढवळला जातो आणि हंड्यात येते ते तांबूस पाणी. फडके लावून गाळायचे आणि निवळायला ठेवायचे. तासाभरात विहिरीचा तळ पुन्हा दिसतो. टँकर आला नाही त्या दिवशी ओहोळाच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरायचे.

ज्या तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे असे का व्हावे? त्याचे उत्तर भूगोलात आहे, असे अधिकारी सांगतात आणि ते अर्धे खरे आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी मुरू देत नाही. पावसाचे पाणी चार महिन्यांत वाहून जाते. धरणे दऱ्यांत आहेत आणि पाडे माळांवर, उतारांवर. पाणी वर चढवावे लागते, पंप लागतो, वीज लागते आणि विजेचे बिल भरण्याची ऐपत ग्रामपंचायतीत नसते. नळयोजना बांधून होते, पहिल्या एक-दोन वर्षांत बिल थकते आणि पंप बंद पडतो.

आता उरलेले अर्धे पाहू. भातसाचे पाणी मुंबईला आपोआप जात नाही. धरणातून ते नदीत सोडले जाते, खाली पिसे येथे बंधारा घालून अडवले जाते, तिथे प्रचंड पंपांनी उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध केले जाते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे निघते. या पंपांना दिवसरात्र वीज लागते आणि ती अखंड मिळते, कारण मुंबई महापालिकेला ती परवडते. म्हणजे पाणी उचलणे अवघड आहे हे कारण शहरासाठी आडवे येत नाही आणि पाड्यासाठी येते. जलवाहिन्यांच्या वाटेवरच्या काही गावांना महापालिका पाणी देते, पण ती तिच्या मर्जीतली सवलत आहे. धरण ज्याच्या शिवारात आहे त्याचा पहिला हक्क, असे कोणतेही कलम या व्यवहारात नाही. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून उताराने शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांना पाणी आणण्याची योजना बरीच वर्षे गाजते आहे. आपल्या अंगणातली चार धरणे सोडून शेजारच्या जिल्ह्यातल्या पाचव्या धरणाकडे या तालुक्याला तोंड वळवावे लागले, यातच सारी विसंगती दिसते. आणि मुंबईसाठी वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला आहे. त्यात जंगल आणि आदिवासी गावे बुडणार आहेत.

शहापूरच्या जमिनीचा व्यवहारही पाण्यासारखाच एका दिशेने झुकलेला आहे.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ तसे सांगते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६-अ चे बंधन आहे. हे कायदे नसते तर शहापूर तालुक्यातला बराचसा सातबारा आज मुंबई-ठाण्याच्या पत्त्यावर असता. तरीही रस्त्यालगतची जमीन झपाट्याने हात बदलते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूरजवळ त्यावर चढ-उताराची सोय झाली. कसारा घाटातला प्रवास बोगद्यातून काही मिनिटांवर आला. शेताचा भाव एका रात्रीत बदलतो तो अशा वेळी. भात पिकवणाऱ्याने त्यासाठी काही केलेले नसते, आणि जमीन आधीच घेऊन ठेवणाऱ्या दलालानेही काही केलेले नसते. भाव वाढतो तो सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या रस्त्यामुळे. पण वाढलेल्या किमतीतला फार थोडा भाग गावाच्या शाळेत, गटारात किंवा पाणीयोजनेत परत येतो.

हा प्रश्न जगाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली एक पुस्तक लिहिले आणि उद्याननगरांची कल्पना मांडली. हिरवळीतले टुमदार घर एवढाच तिचा अर्थ आपल्या बिल्डरांनी उचलला. हॉवर्डच्या मांडणीचा गाभा आर्थिक होता: नगराची जमीन सामायिक मालकीची असावी, वस्ती वाढली की भाडे वाढेल आणि ते वाढीव उत्पन्न नगराच्याच सोयींवर खर्च व्हावे. १९०३ मध्ये लंडनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर लेचवर्थ या गावी त्याची सुरुवात झाली. आजही तिथली एक विश्वस्त संस्था जमिनीचे उत्पन्न गावासाठी खर्च करते. लंडनच्या इतके जवळ असूनही लेचवर्थला स्वतःचे अस्तित्व टिकवता आले, त्यामागे ही व्यवस्था आहे. समृद्धीच्या कडेला नवनगरे वसवण्याच्या योजना आपल्याकडे झाल्या, त्यात शहापूर तालुकाही होता. त्या योजनांत मूळ गावाच्या वाट्याला वाढीव किमतीतून किती येणार, हा मुद्दा अग्रभागी असायला हवा होता.

जवळीकीचा तिसरा परिणाम डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण तो गावाला आतून पोखरतो. शहापूरला नेमणूक झालेला शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, डॉक्टर, बँकेचा अधिकारी यांतले कितीतरी जण कल्याण, बदलापूर किंवा ठाण्यात राहतात आणि अप-डाऊन करतात. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यात नेमणूक झाली तर राहण्यावाचून पर्याय नसतो. शहापूरला संध्याकाळची गाडी असते. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा सुशिक्षित, जाब विचारू शकणारा वर्ग रोज सहा वाजता गाव सोडतो. त्याची मुले गावच्या शाळेत नसतात, त्याची आई गावच्या दवाखान्यात नसते, त्याच्या घरी गावचा नळ नसतो. अशा माणसाला गावातल्या नळाची, शाळेची, दवाखान्याची तळमळ वाटावी तरी कशी? गावातले सुस्थितीतले कुटुंबही मुलांच्या क्लाससाठी कल्याणला खोली घेते, दागिना आणि लग्नाचा बस्ता तिकडेच घेते. शहापूरची बाजारपेठ किराणा, खते-बियाणे आणि हार्डवेअरवर अडून राहते.

आरोग्यात याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण गुंतागुंतीचे बाळंतपण, डोक्याला मार, श्वास घेणे जड झालेला सर्पदंशाचा रुग्ण असला की एक शब्द ऐकू येतो, रेफर. मग ठाणे, कळवा किंवा नाशिक. शहर जवळ आहे या आधारावर गावातले अतिदक्षता कक्ष, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी या गोष्टी मागे पडतात, आणि जवळच्या शहरातले रुग्णालय भोवतालच्या सगळ्या तालुक्यांच्या भाराखाली वाकते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्या वेळी ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलेले होते आणि ग्रामीण भागातून येणाऱ्या रुग्णांचा ताण हे एक कारण म्हणून चर्चेत होते. गावातली उणीव शेवटी शहरातल्या खाटेवर येऊन पडते. म्हणून शहापूरचे रुग्णालय सक्षम करणे हा ठाणेकराच्याही स्वार्थाचा भाग आहे.

मग गावे शहरात सामील करून घेतली तर? हा उपाय वारंवार सुचवला जातो आणि त्याचा अनुभव आपल्या समोर आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, कारण विकास आराखड्यात केळीच्या बागा आणि गोड्या पाण्याच्या विहिरी बांधकामाखाली जाणार होत्या. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हाही अनेक गावांनी सामील होण्यास कडाडून विरोध केला. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. पुण्याच्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे सोसणारी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ साली महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद म्हणून बाहेर पडली. शहरात आल्याने कर वाढला, ग्रामसभा गेली आणि पाणी-रस्त्याची प्रतीक्षा तशीच राहिली, ही या गावांची तक्रार होती. शेकडो चौरस किलोमीटरच्या कारभारात एका गावाचा नगरसेवक एकटा पडतो.

आणि बाहेर राहिले तर नियोजनातच जागा नाही. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द २०१९ मध्ये वाढवली गेली. ती पालघर, पेण, खालापूर, अलिबागपर्यंत पोहोचली. मुंबईला पाणी देणारा शहापूर तालुका मात्र त्या नकाशाबाहेर राहिला. महानगराचे पाणी जिथून येते ते ठिकाण महानगराच्या आराखड्यात नसावे, हा नियोजनातला सर्वांत मोठा दोष आहे.

सामील होणे आणि दुर्लक्षित राहणे या दोहोंच्या मधली वाट आहे: कराराची. गाव स्वतंत्र राहील, त्याची ग्रामसभा राहील, पण शहर जे घेते त्याचा मोबदला हक्काने आणि नियमित द्यावा लागेल. ही कल्पना हवेतली नाही. याच ठाणे जिल्ह्यात बारवी धरणाची उंची वाढवताना घरे-शेते गेलेल्या कुटुंबांनी दीर्घ लढा दिला. अखेर त्यांच्या घरातल्या व्यक्तींना पाणी घेणाऱ्या महापालिका आणि नगरपालिकांत नोकऱ्या देण्याचे ठरले आणि त्या दिल्या गेल्या. जो पाणी घेतो तो देणे लागतो, हे तत्त्व तिथे सरकारने मान्य केले. शहापूर, वाडा, मोखाडा आणि इगतपुरीसाठी ते लागू करायला अडचण काय आहे?

एक साधा हिशेब मांडू. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवले जाते. दर हजार लिटरमागे एक रुपया धरण-तालुक्यांसाठी बाजूला काढला, तर दिवसाला ३९ लाख आणि वर्षाला १४० कोटी रुपयांहून अधिक रक्कम उभी राहते. चौकोनी कुटुंबाने महिन्याला १५ हजार लिटर पाणी वापरले तरी त्याच्यावर पडणारा बोजा १५ रुपयांचा. एका वडापावच्या किमतीत हे होऊ शकते. या पैशातून पाड्यांच्या पाणीयोजनांचे वीजबिल कायमचे भरता येईल, सौरपंप बसवता येतील, धरणक्षेत्रातले जंगल राखणाऱ्या ग्रामसभांना मजुरी देता येईल. जंगल टिकले तर धरणात गाळ कमी येईल, म्हणजे हा खर्च मुंबईच्याच पाण्याची देखभाल ठरतो.

जमिनीबाबतही तसेच करता येईल. महामार्गाच्या चढ-उताराजवळच्या बिगरशेती परवानग्यांवरच्या आकाराचा ठरावीक हिस्सा त्याच ग्रामपंचायतीच्या पाणी आणि सांडपाणी कामांसाठी बांधून ठेवावा, आणि ज्या प्रकल्पाकडे पाण्याचा कायम स्रोत नाही त्याला परवानगीच देऊ नये. डोंबिवलीचे भाडे परवडत नाही म्हणून आसनगावात घर घेतलेल्या कुटुंबालाही टँकरच्या भरवशावर सोडले जाते. ते आणि पाड्यावरची बाई या प्रश्नात एकाच बाजूला आहेत. रेल्वेची तिसरी मार्गिका, एसटी आणि लोकल यांच्या वेळांचा मेळ, उपजिल्हा रुग्णालयात राहणारा भूलतज्ज्ञ आणि चालती रक्तपेढी, तालुक्यात नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठी बरी सरकारी घरे आणि तिथे राहण्याची सक्ती या मागण्या जुन्या आहेत. प्रत्येकीसाठी वेगळे आंदोलन करत बसण्यापेक्षा त्या एका कराराची कलमे म्हणून पुढे यायला हव्यात. महानगराचा आराखडा करणाऱ्या टेबलावर धरण-तालुक्यांच्या प्रतिनिधींना बसण्याची जागा, हे त्यातले पहिले कलम.

शहापूरची माणसे अनेक वर्षांपासून हंडा मोर्चे काढत आहेत. ते मोर्चे तहसील कचेरीवर संपतात, कारण त्यांच्या मतांवर मुंबईचा एकही नगरसेवक निवडून येत नाही. मुंबईचा मतदार मात्र आपल्या नगरसेवकाला विचारू शकतो: आमच्या नळाला जे पाणी येते, त्याच्या मूळ गावाला आपली महापालिका दरवर्षी किती देते, आणि ते अंदाजपत्रकात कोणत्या पानावर आहे? हा प्रश्न दादर, अंधेरी आणि मुलुंडच्या प्रत्येक प्रभागात विचारला गेला पाहिजे.